भिजलेली पुस्तकं आणि थकलेला पगार

आदरणीय ताई,

मी ३६ वर्षांची. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी सार्वजनिक वाचनालयात ११ वर्षं निर्गम सहायक आहे, म्हणजे पुस्तकं देणं-घेणं बघते. शाळेत असताना याच वाचनालयाच्या पायरीवर बसून पुस्तकं संपवायचे, म्हणून इथे लागले तेव्हा आईने पेढे वाटले होते. मानधन साडेसहा हजार, तेही एप्रिलपासून मिळालेलं नाही. जुलैत एका रात्री छपराची कौलं सरकली आणि कादंबऱ्यांच्या दोन कपाटांत पाणी गेलं. सकाळी कुलूप काढलं तर ६३ पुस्तकं भिजलेली. एकटीने जमेल तशी सुकवली, तरी निम्म्यांना बुरशी आली. कमिटीच्या बैठकीत मलाच विचारलं, ‘कपाट भिंतीला टेकवून ठेवलंच कशाला?’ मग १२ ऑगस्टला ग्रंथपाल दिन म्हणून गुलाबाचं फूल दिलं, भाषणात मला ‘ज्ञानमंदिराची पुजारीण’ म्हणाले. घरी येऊन रडले.

आता मामेसासऱ्यांच्या ओळखीने पतसंस्थेत जागा आहे. ११ हजार, आणि वेळेवर. गणपती झाले की कळवायचंय. नवरा म्हणतो, घे. पण सातवीतली एक मुलगी शाळा सुटली की रोज येते, मी दार उघडायच्या आधी पायरीवर बसलेली असते. तिच्याकडे बघून तोंडातून शब्द फुटत नाही. आणि एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही. गेल्या दीड वर्षात मी एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं नाही. मग मी तिथे कशासाठी बसलेय?

— एक वाचनवेडी (होते)

*

अगं,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तीनही वेळा नजर थांबली ती सहीपुढच्या कंसातल्या ‘होते’वर. पगार, कौलं, कमिटी, पतसंस्था या सगळ्याचं बोलू, पण सुरुवात तिथूनच करते, कारण तुला सगळ्यात जास्त लाज त्याचीच वाटतेय आणि ती वाटायचं कारण नाही.

मी ३१ वर्षं एका कॉलेजच्या ग्रंथालयात काढली. त्यात दोनदा माझं वाचन पार गेलं. दुसऱ्यांदा गेलं ते पुस्तक पडताळणीनंतर, म्हणजे सगळी पुस्तकं जागेवर आहेत का ते मोजल्यावर. उन्हाळ्याची सुट्टी, दोन माणसं, हजारो पुस्तकं. एकीने दाखल क्रमांक, म्हणजे पुस्तक वाचनालयात आलं तेव्हा नोंदवहीत पडलेला नंबर, वाचायचा, दुसरीने नोंदवहीत टिकमार्क करायचा. जूनमध्ये कॉलेज उघडलं तेव्हा पुस्तक हातात घेतलं की मला फक्त बाहेरचं दिसायचं. पाठ सुटलीय का, लेबल निघालंय का, कोणाकडून आलं, किती दिवस उशिरा आलं. आतलं पहिलं वाक्य डोळ्यांसमोरून जायचं आणि काही उमटायचंच नाही. आयुष्यभर ज्याच्या आधाराने उभी राहिले तेच पायाखालून गेलं, आणि सांगणार कोणाला? ग्रंथपालबाईंना वाचवत नाही, हे ऐकून घेणारं कोणी नव्हतं.

ते परत आलं ते मी ठरवून काही केलं म्हणून नाही. आमच्या शिपाईमामांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं होतं. डोळ्याला जपायचं, वाचायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. त्यांना दिवाळी अंकांची भारी ओढ, आणि टेबलावर नवे अंक येऊन पडलेले. मधल्या सुट्टीत डबा झाला की मी त्यांना एक कथा मोठ्याने वाचून दाखवू लागले. आठवडाभराने माझ्या लक्षात आलं की उद्याच्या कथेची वाट मामांपेक्षा मीच जास्त बघतेय. मोठ्याने वाचताना डोळ्यांना पुढे पळता येत नाही, एकेक शब्द तोंडातून जावा लागतो. आणि समोर ऐकणारं माणूस असलं की पुस्तक मिटवत नाही.

म्हणून तुला पहिली गोष्ट ही सांगते. घरात जे कोणी ऐकेल, सासूबाई, मुलं, नवरा, त्यांना रोज रात्री जेवणानंतर चार-पाच पानं वाचून दाखव. काय वाचतेस याला महत्त्व नाही. बालविभागातलं घेतलंस तरी चालेल, उलट तेच घे.

दुसरी गोष्ट. माझी अशी शंका आहे की तुझं स्वतःचं खातं वाचनालयात नसणार. कर्मचाऱ्यांचं असंच होतं. जाता जाता पुस्तक पिशवीत टाकायचं, चार दिवसांनी न वाचता परत कपाटात. नोंद नाही, तारीख नाही, म्हणजे त्या पुस्तकाशी आपला काही करारच झालेला नसतो. तर अनामत भर, वर्गणी भर, सभासद हो. पैसे थकलेत हे माहीत आहे, तरी एका पुस्तकाची सगळ्यात कमी वर्गणी असेल ती भर. पुस्तक घेताना आपल्याच हाताने शेवटच्या पानावरच्या तारीखपत्रकावर शिक्का मार. रोज इतरांसाठी मारतेस तसाच. ११ वर्षांत त्या कागदांवर तुझ्या हातचे किती शिक्के पडले असतील, आणि त्यातला तुझा एकही नाही. ही गोष्ट मला फार लागली.

आता भिजलेल्या पुस्तकांकडे वळते. इथे मी जरा सविस्तर लिहिणार आहे, कारण तुझ्यासारख्या आणखी कोणाच्या कपाटातही पुढच्या पावसाळ्यात पाणी शिरेल.

कपाट भिंतीपासून चार-पाच बोटं सुटं हवं आणि खालचा खण जमिनीपासून वीतभर उंच हवा, हे बरोबर आहे. मागून हवा खेळती राहते, ओल चढत नाही. तेवढं पुढच्या वेळी कर. पण भिंतीची ओल वेगळी आणि वरून कौलातून धो धो आलेलं पाणी वेगळं. छप्पर शाकारून घेणं निर्गम सहायकाचं काम नव्हे.

आणि बुरशी आली त्याचाही दोष स्वतःकडे घेऊ नकोस. भिजलेल्या कागदावर दोन दिवसांत बुरशी धरू शकते आणि जुलैतल्या कोकणात हवाच ओली. मला अनुभव नव्हता तेव्हा मी एकदा भिजलेली पुस्तकं गच्चीवर कडक उन्हात घातली होती. पुठ्ठे धनुष्यासारखे वाकले, ते कधी सरळ झाले नाहीत. खरी रीत अशी: भिजलेलं पुस्तक पिळायचं नाही, जबरदस्तीने उघडायचं नाही. टेबलावर उभं करून पानं पंख्यासारखी किंचित सुटी ठेवायची, वर छताचा पंखा चालू, खिडक्या उघड्या. थोड्या थोड्या पानांमागे कोरा कागद घालायचा आणि तो ओला झाला की बदलायचा. वर्तमानपत्र घालू नये, शाई उतरते. गुळगुळीत आर्ट पेपरची, रंगीत चित्रांची पुस्तकं आधी हाती घ्यायची, कारण ती एकदा चिकटून वाळली की त्यांची वीट होते.

एकावेळी एवढं सगळं सुकवणं एका माणसाच्या आवाक्यातलं नसतं, तेव्हा एक उपाय आहे, तो लक्षात ठेव. पुस्तकं एकेक करून प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळायची आणि डीप फ्रीझरमध्ये ठेवायची. गोठलेल्या पुस्तकात बुरशी वाढत नाही, तेवढा वेळ हाती मिळतो. मग रोज पाच-सहा काढून सावकाश सुकवता येतात. तुमच्या बाजारात आइस्क्रीमवाला असेलच. पावसाळ्यात त्याचा फ्रीझर निम्मा रिकामा असतो. त्याला आत्ताच सांगून ठेव.

जी तीसेक पुस्तकं बुरशीची आहेत ती बाकीच्यांपासून लांब ठेव. पूर्ण कोरडी झाली की नाकातोंडाला फडकं बांधून, बाहेर ओसरीवर, मऊ ब्रशने झाडून काढ. लगेच कपाटात घालू नकोस, पंधरा दिवस नजर ठेव. आणि टाकून देण्याआधी प्रत्येक पुस्तक दुसरीकडे मिळतंय का ते बघ. मराठीतल्या कितीतरी जुन्या कादंबऱ्यांची पुन्हा आवृत्तीच निघालेली नाही. कोकणच्या अंगाला जुनी ग्रंथालयं आहेत, रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय १८२८ पासूनचं, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ चं. एक फोन कर. जे पुस्तक कुठेच नाही असं वाटेल ते बुरशीसकट जपून ठेव. डाग पडलेलं का होईना, ते वाचता येतं.

यानंतरचं काम सगळ्यात कंटाळवाणं आणि तुझ्यासाठी सगळ्यात गरजेचं. ६३ पुस्तकांची यादी दाखल क्रमांकानुसार कर: नाव, लेखक, किंमत, आजची अवस्था. मोबाइलवर फोटो काढ, कौलांचेही काढ. यादी अर्जासोबत कमिटीला दे, जावक क्रमांक टाकून, आणि पोच घे. जी बाद करायची त्यांचा ठराव होऊ दे, आणि ठराव क्रमांक व तारीख दाखल नोंदवहीतल्या शेऱ्याच्या रकान्यात लिही. हे आत्ता केलं नाहीस तर पुढच्या पडताळणीत ही पुस्तकं ‘गहाळ’ निघतील आणि बोट पुन्हा तुझ्याकडेच वळेल. तू पतसंस्थेत गेलीस तरीही वळेल.

पगाराचं सांगते. आपल्याकडची बहुतेक सार्वजनिक वाचनालयं १९६७ च्या ग्रंथालय कायद्याखालच्या अनुदानावर चालतात, अ, ब, क, ड असे वर्ग पाडलेले. २०२२ मध्ये अनुदान ६० टक्क्यांनी वाढलं. त्या वाढीनंतर ‘ड’ वर्गाच्या वाचनालयाला वर्षाला ३० हजारांचे ४८ हजार झाले. महिन्याला चार हजार. त्यात वीज, वर्तमानपत्रं, नवी पुस्तकं आणि माणूस. तुमचं वाचनालय वरच्या वर्गातलं असणार, पण ओढाताण तीच, आणि अनुदान येतं तेही हप्त्याहप्त्याने. कमिटीतली माणसंही बिनपगारी, पदरचा वेळ घालणारी आहेत, हे मी विसरत नाही. तरीही अनुदानातला ठरावीक हिस्सा कर्मचाऱ्यांच्या वेतनासाठीच असतो. तेव्हा अर्ज कर. कोणत्या महिन्यापासून मिळालेलं नाही, एकूण किती, आणि कोणत्या तारखेपर्यंत मिळेल हे लेखी कळवावं, एवढ्या चार ओळी. रडगाणं नको, रागही नको. उत्तर नाहीच आलं तर जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्यांच्या कार्यालयात जाऊन विचारायचा तुला हक्क आहे.

‘तुला आवड आहे ना पुस्तकांची?’ हे वाक्य तू ११ वर्षं ऐकलं असशील. मीही ऐकलंय. आवडीचा पगार वेगळा आणि कामाचा वेगळा, असं मला वयाच्या पन्नाशीत कळलं, तुला छत्तिसाव्या वर्षी कळावं.

आता त्या गुलाबाच्या फुलाबद्दल. १२ ऑगस्ट हा भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक मानल्या जाणाऱ्या एस. आर. रंगनाथनांचा जन्मदिवस, १८९२ सालचा. भाषणात त्यांचं नाव घेतलं असेल, फोटोला हार घातला असेल. पण त्यांची एक गोष्ट कोणी सांगितली नसेल. हा माणूस मुळात गणिताचा प्राध्यापक. जानेवारी १९२४ मध्ये मद्रास विद्यापीठाचा ग्रंथपाल झाला आणि थोड्याच दिवसांत त्या शांत, रिकाम्या इमारतीत त्याचा जीव गुदमरला. मला परत शिकवायला घ्या, म्हणून तो आपल्या जुन्या कॉलेजात गेला. त्याला सांगण्यात आलं, आधी विलायतेला जाऊन ग्रंथालयशास्त्र शिकून ये, मग ठरव. तो लंडनला गेला, तिथली ग्रंथालयं हिंडला, क्रॉयडनच्या वाचनालयात कामाची एकेक पायरी बघितली. मुलं, कामगार, बायका सगळी एका दारातून पुस्तकं न्यायला येतात हे त्याने तिथे पाहिलं. परतला तो कायमचा ग्रंथपाल होऊनच. १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राच्या पाच सिद्धांतांचं त्याचं पुस्तक आलं, १९३३ मध्ये द्विबिंदू वर्गीकरण, म्हणजे पुस्तकं विषयवार लावायची त्याची पद्धत.

ही गोष्ट तुला ‘तूही टिकून राहा’ असं सांगायला लिहिलेली नाही. रंगनाथनांनाही सोडून जावंसं वाटलं होतं, आणि त्यात त्यांच्या निष्ठेला काही बाध आला नाही, एवढं तुला कळावं. शिवाय ते थांबले कारण कोणीतरी त्यांना शिकायला पाठवलं, त्यांच्यावर खर्च केला. तुझ्यावर ११ वर्षांत काय खर्च झाला? साधा ग्रंथालयाचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम तरी कोणी करवून घेतला का? पत्रात तू ते लिहिलेलं नाहीस, पण मी धरून चालते की नाही.

तर माझं स्पष्ट मत. पतसंस्थेला महिनाअखेरीपर्यंत थांबायची विनंती कर. मामेसासरे मध्ये आहेत, थांबतील. तेवढ्यात कमिटीकडून दोन गोष्टी लेखी माग: थकबाकी कधीपर्यंत देणार ती तारीख, आणि तुला प्रमाणपत्र अभ्यासक्रमाला बसवायची तयारी. वार्षिक सभा सप्टेंबरात असेल तर विषय तिथे निघू दे. दोन्ही मिळालं तर थांब, मनापासून थांब. नाही मिळालं तर पतसंस्थेत जा. रडत नको, पेढे घेऊन जा. आणि गेल्यावर ‘संध्याकाळचे दोन तास येत जा गं, तुझ्याशिवाय कोणाला काही सापडत नाही’ असं कोणी म्हणालं, तर निदान सहा महिने हो म्हणू नकोस. फुकटचे दोन तास एकदा सुरू झाले की मोडता येत नाहीत.

छपरासाठी मात्र गणपतीतच हालचाल कर. चाकरमानी गावी येतील. त्यातले निम्मे लहानपणी तुझ्याच वाचनालयाच्या पायरीवर बसलेले असतात, आणि आरतीच्या आधी दुपारी तासभर वर्तमानपत्र चाळायला हमखास येतात. दारातच एक टेबल लाव आणि त्यावर ती बुरशीची पाच-सहा पुस्तकं मांड, सरकलेल्या कौलांचा फोटो मांड. काही बोलायची गरज पडणार नाही. पैसे कमिटीच्या पावतीपुस्तकावरच घ्यायचे, तुझ्या हातात नाही.

राहिली सातवीतली मुलगी. तिच्यासाठी तू नोकरी धरून ठेवू नयेस असं मला वाटतं. पण तिच्यासाठी एक वही कर. दोनशे पानी, साधी. कोणता सभासद काय वाचतो, कोणाला काय आवडलं नाही, कोणाला मोठा टाइप लागतो, कोणाची आई आजारी आहे म्हणून पुस्तक उशिरा येतं आणि दंड मागायचा नाही. हे सगळं आज फक्त तुझ्या डोक्यात आहे. तू थांबलीस तर ती वही तुझ्या कामाची. गेलीस तर तुझ्या जागी येणाऱ्याच्या हातात द्यायची. रंगनाथनांचा तिसरा सिद्धांत आहे, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे. तो तू गेली ११ वर्षं त्या गावात पाळते आहेस, नाव ठाऊक असो वा नसो. तू विचारलंस ना, मी तिथे कशासाठी बसलेय? पहिल्या पानावर त्या मुलीचं नाव लिही. तिने आत्तापर्यंत काय काय वाचलं ते आठव, आणि यापुढे कोणती दहा पुस्तकं द्यायची त्याची यादी कर. मला खात्री आहे, तुला ती पुस्तकं शोधायला कपाटाशी जावंसुद्धा लागणार नाही.

आणि नवरात्राच्या आत दिवाळी अंकांची मागणी जावी लागते हे तुला माहीतच आहे. १९०९ च्या ‘मनोरंजन’ मासिकाच्या दिवाळी अंकापासून चालत आलेली ही चैन आहे आपली, आणि गठ्ठा फोडल्यावरचा तो शाईचा वास अजून मला स्वप्नात येतो. तू पतसंस्थेत असशील किंवा वाचनालयात, या वर्षीची यादी तूच करून दे. गठ्ठा आला की पहिला अंक स्वतःच्या खात्यावर घे, शिक्का मार आणि रात्री घरी मोठ्याने वाच.

छपराचं काय झालं ते कळव.

तुझी,
ताई